चार किलो बेपत्ता

चोर घरातलाच आहे, हे पारखीचं पत्र वाचल्याबरोबर मी ताडलं. एसटीत एकतीस वर्षं तिकीट तपासनीस म्हणून काढली मी. गाडीत चढलो की विनातिकीट माणूस पाठमोरा ओळखायचो. तो एकतर खिडकीबाहेर टक लावून बघतो, नाहीतर एकदम घोरायला लागतो. आता गाडीत ना कंडक्टर राहिला ना तपासनीस. दरवाजाच प्रवाशाला ओळखतो म्हणे. ओळखू दे बापडा. पण संशय घ्यायची सवय काही निवृत्त होत नाही.

पत्रात लिहिलं होतं: खटावकर, फ्लॅट ३०२. तोंडं चार. या आठवड्यात टाकलेलं अन्न दोनशे दहा ग्रॅम. बेपत्ता अन्न चार किलो शंभर ग्रॅम.

चार किलो! हणमंत खटावकराच्या घरातून! अहो, मी या ‘कृष्णाई’ इमारतीचा सेक्रेटरी. जिन्याखाली पारखी बसवायच्या ठरावाला सगळ्यात आधी हात वर केला तो मी. माझ्याच दाराला लाल पाटी लागली तर लोक तोंडात शेण घालतील.

ज्यांच्या गावात पारखी अजून आलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिसायला ती पिठाच्या गिरणीसारखी. वर डबा ओतायचं तोंड, खाली पिंप. आपलं कार्ड दाखवायचं आणि ओला कचरा ओतायचा. आत एक दिवा आहे, त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक पदार्थ त्यातला थोडा उजेड शोषतो आणि उरलेला परत पाठवतो. पिठाची तऱ्हा वेगळी, तेलाची वेगळी, डाळीची वेगळी. शिवाय आत वास ओळखणाऱ्या बारीक पट्ट्या आहेत, त्यांना ताजं किती आणि आंबलेलं किती ते कळतं. दोन्ही मिळून यंत्र सांगतं की या डब्यात भात ऐंशी ग्रॅम, अर्धी चपाती, भेंडीची देठं मूठभर. सालं-देठं माफ. शिजवलेलं टाकलं की नोंद झालीच.

पण आपली माणसं बिलंदर. पहिल्याच महिन्यात लोकांनी भात नाल्यात नेऊन ओतला आणि आमटी मोरीत सोडली. मग यंत्रवाल्यांनी दुसरं टोक धरलं. वाण्याचा काटा, भाजीवालीचा काटा, दुधाचं केंद्र, सगळं पारखीला जोडलं. मोरीच्या नळीत जाळी बसवली. आता घरात किती आलं ते तिला ठाऊक असतं. घरात माणसं किती, त्यांची वयं काय, कामं कसली, यावरून ती किती खातील याचा डॉक्टरी तक्ता तिच्याकडे आहे. आलेल्यातून खाल्लेलं वजा केलं, टाकलेलं वजा केलं, फ्रीजमध्ये शिल्लक असलेलं वजा केलं, तरी जे उरतं ते बेपत्ता. पदार्थ नाहीसा होत नाही हे आपण शाळेत शिकलोय. तो कुठंतरी जातोच.

बेपत्ता अन्न म्हणजे चोरून फेकलेलं अन्न, असा साधा नियम. दोन किलोच्या वर गेलं की दाराला हिरव्याऐवजी लाल पाटी. लागोपाठ तीन आठवडे लाल राहिली की पालिकेची माणसं येऊन ओट्यावर डोळा बसवतात. डोळा म्हणजे कॅमेरा. मग तुम्ही फोडणी घाला नाहीतर वाटीत बोट घाला, कुणीतरी बघतंय.

आणि खोटं कशाला बोलू, पारखीनं काम केलं. दीड वर्षात आमच्या शहराचा ओला कचरा निम्म्यावर आला. कचरा डेपोच्या डोंगरावर गवत उगवलं, वारा सुटला तरी खिडकी उघडी ठेवता येऊ लागली. मला अभिमान होता. सकाळी जिन्यावरून उतरताना मी हिरव्या पाट्या मोजत उतरायचो, आणि ज्यांचं अन्न बेपत्ता असेल त्यांची नावं फळ्यावर लिहायचो. स्वतःच्या हातानं, ठळक अक्षरात.

“मंगल,” मी पत्र टेबलावर आपटलं. “चार किलो! कुठं गेलं?”

माझी बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून चपात्या लाटत होती. “मला काय माहीत? मी काय तोलून करते?”

“मग तोलून करत जा.”

“तोलून करायला ही काय खानावळ आहे? ऐनवेळी कुणी आलं म्हणजे? तुमच्याच बहिणी म्हणतील, वहिनीच्या हाताला बरकत नाही.”

हेही खरंच. आमच्यात पातेलं खरवडून वाढणं म्हणजे दळभद्रीपणा. चौघांचा स्वयंपाक सहाजणांना पुरलाच पाहिजे. आणि आणखी एक सांगून टाकतो. सकाळची भाजी मला संध्याकाळी चालत नाही. नोकरीत एकतीस वर्षं डब्यातलं गार खाल्लं, आता ताटात गरम पाहिजे. चपाती तव्यावरून थेट पानात. माझा मुलगा तेजस, त्यालाही तीच खोड.

“आणखी दोन आठवडे असंच राहिलं तर डोळा बसवतील,” मी म्हणालो.

मंगलचं लाटणं थांबलं. “डोळा नको हो. काहीही करा, पण माझ्या स्वयंपाकघरात डोळा नको.”

“चोरी नसेल तर डोळ्याला घाबरायचं कशाला?”

ती पाण्याचा तांब्या तोंडाला लावून गटागट प्यायली आणि पुढची चपाती लाटायला घेतली. तिला साखरेचा आजार आहे. गेले सहा महिने आकडा वरवरच चालला होता. डॉक्टरीणबाई गोळ्या वाढवत होत्या आणि मला सांगत होत्या, “तुमची मिसेस पथ्य पाळत नाही.” मी घरी येऊन मंगलला चांगलं झापलं होतं. जिभेवर ताबा नाही म्हणालो.

माझा संशय सुनेवर गेला. दुसऱ्या कुणावर जाणार? तेजस ताट घासूनपुसून जेवतो. मंगल तर भजन सोडलं तर घराबाहेरच पडत नाही. राहिली ऋतुजा. लग्नाला दोन वर्षं झालेली. शहराबाहेर एक रोपवाटिका आहे, तिथं ती कलमांच्या विभागात काम करते. पोरगी गुणी, कमी बोलणारी. पण कमी बोलणारा प्रवासी मी जास्त तपासायचो.

दोन दिवस मी तिची पिशवी बघितली. कापडी पिशवी. सकाळी कामावर जाताना ती खांद्यावरून सरळ खाली लोंबायची, संध्याकाळी येताना झुलत यायची. म्हणजे जाताना आत काहीतरी वजनदार. डबा म्हणावा, तर दुपारचं जेवण तिला रोपवाटिकेतच मिळतं.

तिसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली आणि तिच्या बसच्या मागं गेलो. रोपवाटिकेच्या कुंपणाबाहेर एक मोठी चिंच आहे, तिच्या आडोशाला उभा राहिलो. म्हातारपणी असले धंदे, पण खरं सांगतो, मजा आली. अंगात पुन्हा खाकी चढल्यासारखी वाटली. ऋतुजा आत गेली, शेडच्या मागं वळली. तिथं खताचा खड्डा आहे. तिनं इकडंतिकडं बघितलं, पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि त्या खड्ड्यात उपडा केला. भात, चपातीचे तुकडे, काहीतरी पिवळी भाजी. वरून फावड्यानं पालापाचोळा ओढला.

“ऋतुजा!”

डबा तिच्या हातातून पडलाच. “आण्णा? तुम्ही इथं?”

“शहराच्या हद्दीबाहेर पारखी नाही, म्हणून इथं. डोकं चांगलं चालवलंस.”

“आण्णा, खतच होतंय त्याचं. वाया जात नाहीये.”

“खत व्हायला अन्न पिकवत नाहीत. घरातून का आणलंस? कोणाचं उरलेलं हे? तुझं?”

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मी हे हजारदा बघितलंय. माणूस खोटं शोधायला लागला की असाच थांबतो.

“हो,” ती म्हणाली. “माझंच.”

“रोज अर्धा किलो तुझं उरतं?”

“आण्णा, मी आणत होते. कारण विचारू नका. मी शपथ घेतली आहे.”

शपथ! मला हसूच आलं. विनातिकीटवाले पण देवाची शपथ घ्यायचे.

रविवारी इमारतीची बैठक होती. घरच्याला पाठीशी घालणारा सेक्रेटरी मी नव्हे. मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “माझ्या घरात चोरी सापडली. चोर माझी सून. अन्न घराबाहेर नेऊन खड्ड्यात टाकत होती. आजपासून ते बंद.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकशेचारमधले घोरपडे उठून म्हणाले, “सेक्रेटरी असावा तर असा. दिव्याखालचा अंधार पण शोधला.” घोरपडेवहिनी त्यांच्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनी काही टाळी वाजवली नाही.

ऋतुजा खाली मान घालून उभी होती. मध्येच तिनं मान वर केली आणि मंगलकडं बघितलं. मंगलनं तिच्याकडं बघितलं नाही. ती हातातल्या बांगड्या एकामागून एक फिरवत बसली होती. मला वाटलं, सुनेची लाज वाटतेय तिला.

घरी आल्यावर तेजसनं दार आपटलं. “आण्णा, बाहेरच्या लोकांसमोर माझ्या बायकोला चोर म्हणालात तुम्ही!”

“चोराला चोर म्हणायचं नाही तर काय सनई वाजवायची?”

“तिला एकदा नीट विचारायचं तरी! आम्ही खोली बघतोय. पुढच्या महिन्यात जातो.”

“तेजस, नको रे बाळा,” मंगल म्हणाली. भिंतीला टेकली, पोटावर हात दाबला. “माझ्यामुळं घर फुटायला नको.”

तुझ्यामुळं कसं काय, असं विचारायला पाहिजे होतं मी. तपासनीस होतो ना? नेमका तो शब्द माझ्या कानावरून गेला. मी म्हणालो, “तू मध्ये पडू नकोस.”

त्या दिवसापासून मी रोज सकाळी दारात उभा राहून ऋतुजाची पिशवी तपासू लागलो. ती न बोलता पिशवी उघडून धरायची. पाण्याची बाटली, हातमोजे, रुमाल. मी म्हणायचो, जा. तेजस त्या वेळी मुद्दाम मोरीत जाऊन बसायचा. मला वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण कायदा म्हणजे कायदा. पुढच्या पत्रात बेपत्ताचा आकडा एकदा खाली आला की मी तिला माफ करणार होतो. मनात तर वाक्यही तयार होतं.

पत्र आलं. बेपत्ता अन्न चार किलो शंभर ग्रॅम.

मी चष्मा पुसला. चार किलो शंभर. ना एक ग्रॅम कमी, ना एक ग्रॅम जास्त म्हणायला हरकत नाही. चोर पकडला, रस्ता बंद केला, तरी माल तेवढाच नाहीसा! आता मात्र माझं डोकं फिरलं. पारखी चुकत असेल का? यंत्राच्या माणसाला बोलावलं. त्यानं सगळे काटे तपासले, मोरीची जाळी बघितली, आणि म्हणाला, “काका, यंत्र बरोबर आहे. घरात आलेलं अन्न पिंपात पडलेलं नाही, मोरीतही गेलेलं नाही. ते फ्रीजमध्येही नाही.”

“मग कुठं आहे?”

“ते यंत्राला नाही कळत. यंत्राला एवढंच कळतं की तक्त्याप्रमाणे चार माणसं एवढं खाऊ शकत नाहीत.”

दारावर दुसऱ्यांदा लाल पाटी लागली. एक आठवडा राहिला होता. मंगल पाटीकडं बघत उंबऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, मी करते कमी. आणखी कमी करते. पण डोळा नको.”

मी घरातल्या सगळ्यांवर नजर ठेवायला लागलो. तेजसच्या ऑफिसच्या बॅगेत बघितलं. भांडी घासणारी बाई जाताना हात रिकामे आहेत का ते बघितलं. माझं मलाच हसू येईल इतकं खाली उतरलो. शेवटी ठरवलं की दुपारी तेजस-ऋतुजा कामावर असतात त्या वेळेत पाळत ठेवायची. मंगलला सांगितलं की निवृत्तांच्या बैठकीला जातोय, पाचला येईन. जिन्यात चपला काढल्या, गच्चीवर जाऊन बसलो. तीनच्या सुमाराला खाली आलो, किल्लीनं दार हळूच उघडलं आणि अनवाणी आत गेलो.

स्वयंपाकघरात मंगल ओट्याशी उभी होती. पिठाच्या डब्यामागचं फडताळ उघडं होतं. तिच्या डाव्या हातात स्टीलचा डबा, परवा सत्यनारायण झाला त्यातला मसालेभात. ओट्यावर आणखी तीन डबे उघडे. ती उभ्यानं खात होती. भूक लागलेला माणूस खातो तसं नाही. घास घ्यायची, डोळे मिटायची, पाण्याचा घोट घेऊन गिळायची, पुन्हा घास. एका हाताचा तळवा पोटावर होता.

आणि मी काय म्हणालो माहितीये? ते आठवलं की आजही जीभ छाटून टाकावीशी वाटते. मी म्हणालो, “सापडलीस!”

ती इतकी दचकली की ठसका लागला. मी पाठीवर थापटलं. ठसका थांबल्यावर तिनं आधी डब्यांवर झाकणं लावली.

“हे काय चाललंय मंगल?”

“संपवत होते.”

“परवाचा भात? फ्रीजमध्ये का नाही ठेवला?”

“फ्रीजमध्ये ठेवला की तो बोंबलतो. ‘आजच संपवा, आजच संपवा.’ तुम्हीच जोडून घेतलात ना पारखीला. तुम्ही पानात घेत नाही. तेजस घेत नाही. टाकलं तर लाल पाटी. मग कुणी संपवायचं?”

“रोज?”

“मी काय आज खाते का हे? लग्न होऊन आल्यापासून खाते. सासूबाई पण खायच्या. अन्न टाकवत नाही हो. पण तेव्हा फारच झालं तर तुमची नजर चुकवून गाईला घालता यायचं, कुत्र्याला टाकता यायचं. आता त्या मेलीला सगळं कळतं.” ती खुर्चीत बसली. “ऋतुजानं एकदा बघितलं मला खाताना. भांडली माझ्याशी. म्हणाली, आई, तुम्ही खाऊ नका, मी बाहेर नेऊन टाकते. निम्मं ती न्यायची, निम्मं मी संपवायची. कुणाला सांगू नकोस म्हणून मीच शपथ घातली. तुम्हाला कळलं तर तुमचं नाव खराब होणार. तुम्ही सेक्रेटरी.”

लग्नाला चौतीस वर्षं झाली. त्या चौतीस वर्षांत मंगल जेवताना मी कधी बघितलीच नव्हती. ती मागून बसायची. मी तेव्हा बातम्या बघत असायचो. अख्ख्या गाडीतल्या पन्नास माणसांचे चेहरे वाचणारा मी, घरातल्या बाईच्या ताटात काय असतं ते मला ठाऊक नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

“मग ऋतुजाचं बंद झाल्यावर...?”

“मग सगळं मीच,” मंगल म्हणाली.

संध्याकाळी सहाला तिला उलट्या सुरू झाल्या. आठपर्यंत तिला उभं राहवेना. तेजसनं उचलून गाडीत घातली. दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “यांनी आज काय खाल्लं?” माझ्याऐवजी ऋतुजानं सांगितलं, “मसालेभात, दोन दिवस बाहेर राहिलेला. बहुतेक सकाळची वांग्याची भाजी पण. काल चार शिळ्या चपात्या.” सगळं पाठ होतं तिला.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. भात शिजवला तरी काही जंतूंची बीजं मरत नाहीत, कवच घट्ट करून बसतात. भात बाहेर राहिला की ती उगवतात, वाढतात आणि विष सोडतात. भात परत गरम केला तर जंतू मरतील, विष मरत नाही. एरवी धडधाकट माणूस दोन उलट्या करून बरा होतो. पण यांची साखर वाढलेली, आणि रोज थोडं थोडं असंच पोटात जात होतं. विषानं यकृत धरलंय. “एवढं शिळं का खात होत्या? घरी काही अडचण आहे का?” ते म्हणाले.

“अडचण मी आहे,” मी म्हणालो. त्यांना वाटलं म्हातारा भांबावलाय. त्यांनी खांद्यावर थोपटलं.

बाकावर ऋतुजा बसली होती. मी तिच्याजवळ गेलो. रोज सकाळी जिची पिशवी तपासली तिच्यासमोर हात जोडायचे तरी कसे?

“पोरी, तू मला बैठकीत का नाही सांगितलंस?”

“शपथ होती आण्णा.” तिचे डोळे लाल होते. “आणि तुम्ही विचारत नव्हता. तुम्ही पकडत होता.”

“चुकलो मी.”

“मी रोज आईंच्या पोटातला घास काढून नेत होते, आण्णा. तुम्ही तो परत त्यांच्या पोटात घातलात.” एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मग मीही. तेजसनं आम्हा दोघांना पाणी आणून दिलं. रागावण्याचं त्राण त्याच्यातही उरलं नव्हतं.

मंगल चार दिवस बेशुद्धीच्या काठावर होती. डोळे हळदीसारखे पिवळे पडले. पाचव्या दिवशी तिनं मला ओळखलं आणि पहिलं काय विचारलं? “पाटी कुठली आहे हो दाराला?” मी म्हणालो, “हिरवी.” आयुष्यात पहिल्यांदा तिला बरं वाटावं म्हणून धडधडीत खोटं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, धोका टळला, पण यकृत आता पहिल्यासारखं होणार नाही. जन्मभर जपावं लागेल.

सहाव्या दिवशी दुपारी तिची साडी-चोळी न्यायला मी घरी आलो. फडताळातले डबे तसेच होते. सात डबे निघाले. पिठामागं, मिठाच्या बरणीमागं, सिलेंडरच्या कोनाड्यात. एकात काय होतं ते ओळखू पण येईना. मी सातही डबे पिशवीत भरले, खाली नेले, कार्ड दाखवलं आणि एकेक करून पारखीच्या तोंडात ओतले. ती गुरगुरली, तिचा बाहेरचा खुणेचा दिवा लालभडक झाला. “हो लाल,” मी म्हणालो. “बसव डोळा. माझ्या नावानं बसव.” येणाऱ्या सोमवारी ते बसवणार होते, तसं पत्र आलंच होतं. बसू दे, आता मीच त्या ओट्याशी उभा राहणार होतो.

पारखीशेजारी माझा फळा आहे. त्यावर गेल्या महिन्यातली नावं मीच लिहिलेली. एकशेचार घोरपडे, बेपत्ता तीन किलो. दोनशे एक माळी, साडेतीन किलो. दोनशे तीन, तीनशे एक, चारशे दोन. चोवीस घरांपैकी अकरा घरं. या अकरा घरांना मी चोर म्हणालो होतो. त्यांच्या पिशव्या तपासाव्यात असा ठरावही मीच मांडला होता. नाल्याकाठी माणूस बसवला होता, त्याला पंधरा दिवसांत कुणी सापडलं नव्हतं.

सगळ्यांना वाटलं, हे लोक हुशार आहेत.

मी घड्याळ बघितलं. तीनला पाच कमी. इमारतीत पुरुष माणूस नव्हता, सगळीकडं शांत. दोनशे एकची घंटा वाजवली. बराच वेळ दार उघडेना. मग माळीबाईंनी उघडलं. पदरानं तोंड पुसत होत्या. “ते घरी नाहीत,” त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतलं. दोनशे तीनला आतून भांड्यावर झाकण पडल्याचा आवाज आला, कुणी दारच उघडलं नाही.

मी खाली उतरून एकशेचारची घंटा वाजवली. घोरपडेवहिनी मंगलपेक्षा दोन वर्षांनी लहान, तिच्याबरोबर भजनाला जाणाऱ्या. आतून पावलं आली, दाराच्या भोकातून कुणीतरी बघितलं. दार बोटभर उघडलं.

घोरपडेवहिनींचा एक गाल फुगलेला होता. मला बघून त्यांनी हात पाठीमागं नेला. मी काहीच विचारलं नाही. त्यांनी डोळे मिटून तो घास गिळला, आणि मग म्हणाल्या, “या ना भाऊजी. मंगलवहिनी कशा आहेत?”